फार्मर, ग्रॅहम ‘पॉली’

(१० मार्च १९३५–१४ ऑगस्ट २०१९). ऑस्ट्रेलियन फुटबॉलमधील रकमन (पंचाने उसळवलेल्या चेंडूसाठी उडी घेणारा खेळाडू), कर्णधार व प्रशिक्षक. जन्म पश्चिम ऑस्ट्रेलियात फ्रीमँटल येथे, नूंगार या आदिवासी समाजात. ईस्ट पर्थ (१९५३–६१), जीलाँग (१९६२–६७) आणि वेस्ट पर्थ (१९६८–७१) या संघांकडून ते अनुक्रमे १७६, १०१ आणि ७९ असे एकूण ३५६ लीग सामने खेळले. त्या काळी पर्थची लीग आणि मेलबर्नची, म्हणजे व्हिक्टोरियन, लीग पूर्णपणे वेगळ्या होत्या; जीलाँग हा व्हिक्टोरियन लीगचा संघ. केवळ व्हिक्टोरियन लीगचे आकडे देणाऱ्या जुन्या याद्यांत त्यांच्या नावापुढे १०१ एवढेच सामने दिसतात, त्यावरून या कारकिर्दीचा अंदाज बांधणे चुकीचे ठरेल.

बालपण पर्थच्या क्वीन्स पार्क भागातील ‘सिस्टर केट्स’ या १९३३ मध्ये सुरू झालेल्या बालगृहात गेले. आईने त्यांना स्वतःहून तेथे ठेवले, असे काही चरित्रपर लेखनात म्हटले आहे. परंतु १९०५ च्या कायद्यान्वये राज्यातील आदिवासी मुलांचे कायदेशीर पालकत्व मुख्य संरक्षक या सरकारी अधिकाऱ्याकडे होते. आईला ‘नाही’ म्हणण्याची मुभा कितपत होती, हे लक्षात घेऊनच ते विधान वाचायला हवे. लहानपणी झालेल्या पोलिओमुळे त्यांचा एक पाय आखूड राहिला. ‘पॉली’ हे नाव मात्र पोलिओवरून आले नसावे. पोपटासारखी सतत बडबड करणारा मुलगा म्हणून ते पडले, असे सांगतात.

हँडबॉल : सात गड्यांच्या ‘हँडबॉल’ या खेळाशी याचा संबंध नाही. ऑस्ट्रेलियन फुटबॉलमध्ये चेंडू हाताने फेकणे नियमबाह्य आहे. एका तळहातावर तो धरून दुसऱ्या हाताच्या मुठीने ठोसा मारून सहकाऱ्याकडे धाडायचा, ही हँडबॉलची कृती. फार्मर हे तिचे जनक, असे लोकप्रिय लेखनात सर्रास आढळते. ते ग्राह्य धरता येत नाही. त्यांच्या जन्माआधीपासून ही कृती खेळात होती. तिच्या वाढत्या वापराचे श्रेयही एकाच व्यक्तीला देता येत नाही. १९५६ मध्ये ईस्ट पर्थचे कर्णधार-प्रशिक्षक झालेले जॅक शीडी तिला उत्तेजन देत होते, तर व्हिक्टोरियात फिट्झरॉयचे प्रशिक्षक लेन स्मिथ हे त्याच सुमारास धावत्या खेळावर भर देत होते. तरीही फार्मर यांचे स्थान या दोघांहून वेगळे मानावे लागते, कारण प्रशिक्षकाची कल्पना एक आणि ती हातात उतरणे दुसरे.

तोवर हँडबॉल हा अडचणीत सापडलेल्या खेळाडूचा शेवटचा उपाय असे. चेंडू जेमतेम दोन-चार पावलांवर जाई. रकमनचे कामही ठरलेले होते : पंचाने उसळवलेल्या चेंडूसाठी उंच उडी घ्यायची आणि तो पंजाने आपल्या बाजूला लोटायचा. फार्मर अनेकदा तो हवेतच दोन्ही हातांनी पकडत आणि खाली येता येता शेजारून धावत सुटलेल्या सहकाऱ्याच्या पुढ्यात लांबवर ठोसत. सहकाऱ्याला थांबावे लागत नसे, वेग मोडावा लागत नसे. मारलेल्या ठोशापेक्षा ही वेळ साधणे अवघड. जीलाँगचे रोव्हर (रकमनने लोटलेला चेंडू टिपणारे चपळ खेळाडू) बिली गॉगिन यांच्याशी त्यांची जोडी यासाठीच नावाजली गेली. नोकरीच्या जागी, मोटारींच्या आवारात, उभ्या गाडीची काच अर्धी उतरवून त्या फटीतून चेंडू पलीकडे ठोसण्याचा सराव ते करीत, ही आठवण त्यांच्याबद्दलच्या बहुतेक लेखनात येते. त्या काळी खेळाडूंना खेळाच्या पैशावर पोट भरता येत नसे. व्हिक्टोरियन लीगमध्ये तर १९३० पासून सामन्याच्या मानधनावर मर्यादा होती. त्यामुळे खेळाचा सराव नोकरीच्या जागेपर्यंत पोचावा यात नवल नाही.

त्यांना रोखण्याचा सर्वांत गाजलेला उपाय १९६१ च्या पर्थमधील अंतिम सामन्यात झाला. स्वान डिस्ट्रिक्ट्सचे प्रशिक्षक हेडन बंटन (धाकटे) यांनी दोन रकमन एकत्र वापरले : फ्रेड कॅसलडीन यांनी फार्मर यांच्या वाटेत शिरायचे आणि कीथ स्लेटर यांनी चेंडू लोटायचा. ईस्ट पर्थ हरले.

पुढच्या वर्षी ते जीलाँगला गेले. पहिल्याच सामन्यात गुडघा दुखावल्याने तो हंगाम बहुतांशी वाया गेला. १९६३ च्या अंतिम सामन्यात जीलाँगने हॉथॉर्नला ४९ गुणांनी हरवले. १९६५ ते १९६७ ते कर्णधार होते. १९६७ च्या अंतिम सामन्यात रिचमंडकडून ९ गुणांनी झालेली हार हा त्यांचा जीलाँगकडून शेवटचा सामना. नंतर वेस्ट पर्थचे कर्णधार-प्रशिक्षक म्हणून त्यांनी १९६९ आणि १९७१ ची विजेतेपदे मिळवली, दोन्ही वेळा आपल्या जुन्या ईस्ट पर्थला नमवून. दरम्यान १९७० मध्ये मेलबर्नच्या अंतिम सामन्यात मध्यांतराला ४४ गुणांनी मागे असलेल्या कार्लटनने हँडबॉलच्या जोरावर बाजी पलटवली. त्या विजयाची चर्चा प्रशिक्षक रॉन बरासी यांच्या नावाने होते; पण ज्या कृतीवर तो उभा होता, तिला हा मान एका दशकाआधी फार्मर यांनी मिळवून दिला होता.

पर्थच्या लीगमधील हंगामातील सर्वोत्तम खेळाडूला मिळणारी सँडोव्हर पदके त्यांना किती मिळाली, याबाबत जुन्या आणि नव्या ग्रंथांत फरक पडतो. १९५७ मध्ये ते आणि ईस्ट फ्रीमँटलचे जॅक क्लार्क यांची मते समान झाली आणि त्या वेळच्या नियमानुसार पदक एकट्या क्लार्क यांना मिळाले. असे हुकलेले मान लीगने पुढे १९९७ मध्ये बहाल केले. म्हणून जुन्या नोंदींत दोन (१९५६, १९६०) आणि नव्या नोंदींत तीन पदके आढळतात. येथे तीन धरली आहेत.

१९७३ ते १९७५ ते जीलाँगचे प्रशिक्षक होते. व्हिक्टोरियन लीगमध्ये प्रशिक्षकपद मिळालेले ते पहिले आदिवासी. ऑक्टोबर १९७७ मध्ये जन्मराज्यांच्या संघांमधील (खेळाडू ज्या लीगमध्ये खेळतो तिच्याकडून नव्हे, तर आपल्या मूळ राज्याकडून खेळतो, अशा) पहिल्या सामन्यात पश्चिम ऑस्ट्रेलियाने व्हिक्टोरियाला ९४ गुणांनी हरवले, त्या संघाचे प्रशिक्षकही तेच. १९७१ मध्ये त्यांना एम. बी. ई. हा ब्रिटिश किताब मिळाला. १९९६ मध्ये ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीगच्या शतकाच्या संघात रकमन म्हणून आणि २००५ मध्ये आदिवासी खेळाडूंच्या शतकाच्या संघाचे कर्णधार म्हणून त्यांची निवड झाली. पर्थमधील एका द्रुतगती मार्गाला त्यांचे नाव आहे.

अखेरची वर्षे स्मृतिभ्रंशात गेली. निधनानंतर कुटुंबीयांनी त्यांचा मेंदू संशोधनासाठी दिला. डोक्याला वारंवार बसणाऱ्या मारांशी जोडला जाणारा सीटीई हा मेंदूविकार त्यात आढळल्याचे २०२० मध्ये जाहीर झाले. हा विकार मृत्यूनंतरच्या तपासणीखेरीज निश्चित सांगता येत नाही. ऑस्ट्रेलियन फुटबॉलपटूमध्ये तो सिद्ध होण्याची ही पहिलीच वेळ होती.