काडी विझली, वाळवंट उजाडलं

लॉरेन्स जळती काडी तोंडाजवळ धरतो, फुंकर मारतो आणि पडदाभर लालसर क्षितिज येतं. सूर्य अजून उगवायचाय. १९६२ सालच्या ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’मधला हा कट, म्हणजे एका दृश्यावरून थेट दुसऱ्यावर जाणं, चित्रपट-संकलन शिकणाऱ्यांना तोंडपाठ असतो. गंमत म्हणजे पटकथेत तो नव्हताच. तिथे डिझॉल्व्ह लिहिला होता, म्हणजे एक दृश्य विरत जाणार आणि त्यातूनच दुसरं उमटणार. तेव्हा ही करामत लॅबमध्ये व्हायची. संकलनाच्या टेबलावरच्या कच्च्या प्रतीत दोन तुकडे नुसते एकाला एक जोडलेले असत. संकलक ॲन कोट्स आणि दिग्दर्शक डेव्हिड लीन यांनी ती प्रत चालवून पाहिली, काडी विझताच वाळवंट थेट अंगावर आलं आणि डिझॉल्व्हचा बेत बारगळला. तरी लीन यांना काहीतरी खटकत होतं. कोट्सबाईंनी आणखी दोनेक फ्रेम, म्हणजे फिल्मवरची सुटी चित्रं, उडवल्या, मग ते खूश झाले.

सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे दोन फ्रेम हा सेकंदाचा बारावा भाग. पापणी लवायलाही बहुधा याहून जास्त वेळ लागतो.

एवढ्याशानं काय बिघडतं? आरशासमोर उभं राहा आणि स्वतःच्या डाव्या डोळ्याकडून उजव्या डोळ्याकडे नजर न्या. बुबुळं हललेली काही केल्या दिसणार नाहीत. शेजारच्याला मात्र दिसतील! आपली नजर सेकंदाला तीनेक उड्या मारते आणि प्रत्येक उडीतलं धूसर चित्र मेंदू गाळून टाकतो. अखंड वाटणारं जगही आपण तुकडे जोडूनच पाहतो. म्हणूनच बरेचसे कट आपल्याला कळतही नाहीत. टिम स्मिथ आणि जॉन हेंडरसन या मानसशास्त्रज्ञांनी २००८ मध्ये प्रेक्षकांना मुद्दाम कट शोधायला बसवलं, तरी हालचालीच्या मध्यात मारलेले जवळपास एक तृतीयांश कट त्यांच्या हातून निसटले.

काडीचा कट उलट लपत नाही. पण ज्योत गेल्यावर तिथे बघण्यासारखं काही उरत नाही आणि नजर उडायच्या बेतात असते. मला वाटतं, ती उडी नेमकी पकडण्यासाठीच त्या दोन फ्रेम गेल्या.

त्याच चित्रपटात अरब सरदार शरीफ अलीचा प्रवेश बघा. मृगजळात थरथरणारा एक काळा ठिपका. आता नजरेला उडायला दुसरी जागाच नाही. विहिरीपाशी थांबलेले लॉरेन्स आणि वाटाड्या अधूनमधून दिसतात, पण कॅमेरा पुन्हा त्या ठिपक्याकडेच येतो, आणि तो उंटस्वार व्हायला किती वेळ घेतो! कात्री जणू थांबलेली असते. मग वाटाड्या पिस्तूल काढतो, गोळी सुटते आणि पडतो तो वाटाड्याच.