बोटीने शेजारच्या देशात जाताय? आधार कार्ड घरीच राहू द्या

भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाताना आपण तिकीट काढतो आणि लाँचमध्ये चढतो. त्याच सवयीने सिंगापूरहून बातामची बोट पकडायला गेलात, तर धक्क्यावरच अडाल. प्रवास जेमतेम तासाभराचा, पण बाताम इंडोनेशियात आहे. विमानतळावर असते तसेच इमिग्रेशन इथेही असते. आधार, पॅन, लायसन्स किंवा मोबाइलमधला पासपोर्टचा फोटो चालत नाही. मूळ पासपोर्टच लागतो, आणि त्याची मुदत किमान 6 महिने शिल्लक हवी. मुलांचे पासपोर्ट आधी तपासा. ते बहुतेक 5 वर्षांचेच असतात आणि नेमके सुट्टीच्या तोंडावर संपतात!

बातामला उतरल्यावर भारतीयांना व्हिसा मिळतो. खरी मेख परतीची. सिंगापूरचा व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल, तर बातामहून परत सिंगापुरात शिरता येणार नाही. मल्टिपल एंट्री आहे ना, ते मुंबईतच बघून घ्या. सिंगापूरचे ऑनलाइन अरायव्हल कार्डही परतताना पुन्हा भरावे लागते.

तमिळनाडूतील नागपट्टिणम ते श्रीलंकेतील कांकेसंथुराई ही बोट ऑक्टोबर 2023 मध्ये सुरू झाली. त्यानंतर बंद पडली, ती ऑगस्ट 2024 मध्ये पुन्हा निघाली. तिथेही पासपोर्ट हवाच. समुद्र खवळला की फेरी रद्द होते, तेव्हा हाताशी एखादा दिवस ठेवा.

युरोपच्या सहलीत ब्रिटनमधील डोव्हरहून फ्रान्समधील कॅलेला बोटीने जाणार असाल, तर ब्रिटनचा आणि शेंगेन (फ्रान्ससह युरोपातल्या अनेक देशांचा सामाईक) असे दोन वेगळे व्हिसा लागतात. फ्रान्सचे अधिकारी डोव्हरलाच, बोटीत चढण्यापूर्वी पासपोर्ट तपासतात. म्हणजे ‘पलीकडे गेल्यावर बघू’ म्हणायची सोय नाही.

आता नावाबद्दल, कारण सर्वाधिक घोळ इथेच होतो. पासपोर्टवर नाव, वडिलांचे नाव, आडनाव असेल, तर तिकिटावरही तसेच हवे. लग्नानंतर आधारवर नाव बदलले आणि पासपोर्टवर माहेरचेच राहिले, अशा ताईंनी तिकीट माहेरच्याच नावाने काढावे. घरातले हाकेचे नाव तर कुठेच लिहू नका.

मोठ्या बॅगा बोटीवर वेगळ्या ठेवायला घेतात, म्हणून पासपोर्ट अंगावरच्या पाऊचमध्ये ठेवा. बुकिंगच्या वेळी पासपोर्टचे पहिले आणि शेवटचे पान आमच्याकडे पाठवा. तिकिटावरचे नाव आम्ही त्यावरूनच टाकतो, फोनवर ऐकून नाही.