क्लेमचा वकील कुठून आला

जिल्हा न्यायालयाच्या आवारात ‘क्लेमचा वकील’ म्हटलं की कुणाला समजावून सांगावं लागत नाही. मोटार अपघातातल्या जखमींचे किंवा मृतांच्या वारसांचे भरपाईचे दावे चालवणारा तो. अमेरिकेत हेच काम करणारा वकील ज्युरीपुढे उभा राहतो आणि वसुलीतला साधारण तिसरा हिस्सा फी म्हणून घेतो. आपल्याकडे ज्युरी नाही, हिश्शावर फी घेता येत नाही, आणि वक्तृत्वापेक्षा गुणाकार जास्त कामाला येतो.

जुन्या इंग्रजी कायद्यानुसार माणूस मेला की त्याच्या इजेबद्दलचा दावाही त्याच्याबरोबर संपे. इंग्लंडने १८४६ मध्ये कायदा करून ही अडचण दूर केली. आपल्याकडे तसाच प्राणांतिक अपघात कायदा १८५५ मध्ये आला; बोरीबंदर-ठाणे रेल्वे सुरू होऊन तेव्हा दोनच वर्षं झाली होती. भरपाई मागण्याचा हक्क नवरा, बायको, आईवडील आणि मुलं यांनाच होता, भावाबहिणींना नव्हता. शिवाय दिवाणी दावा, कोर्ट फी आणि चालकाचा हलगर्जीपणा सिद्ध करण्याचं ओझं. गरीब घरातलं कुणी या वाटेला फारसं जाणं शक्य नव्हतं.

१९३९ च्या मोटार वाहन कायद्यात तिसऱ्या पक्षाचा, म्हणजे गाडीमुळे इतरांना होणाऱ्या नुकसानीचा विमा सक्तीचा झाला, पण ती तरतूद १ जुलै १९४६ पासून लागू झाली. या व्यवसायाचा खरा जन्म मी इथे धरतो. तोवर डिक्री (न्यायालयाचा भरपाईचा हुकूम) मिळाली तरी ट्रकमालकाकडून पैसे काढायचे कसे, हा प्रश्न उरायचा. आता समोर पैसे देऊ शकणारी कंपनी आली. १९५६ च्या दुरुस्तीने स्वतंत्र न्यायाधिकरणाची सोय केली, तेच आजचं एमएसीटी, म्हणजे मोटार अपघात दावा न्यायाधिकरण. १९८२ मध्ये ‘चूक नसतानाही’, म्हणजे चालकाचा दोष सिद्ध न करता, ठरावीक भरपाई आली : मृत्यूला १५,००० आणि कायमच्या अपंगत्वाला ७,५०० रुपये. १९८७ मध्ये गुजरात एसटीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने भावालाही वारस म्हणून दावा करता येतो, असं सांगितलं.

१९८८ च्या नव्या कायद्यातली १९९४ ची दुरुस्ती वकिलांना फार उपयोगी पडली. दावा अपघाताच्या ठिकाणीच नव्हे, तर दावेदार राहतो तिथेही दाखल करता येऊ लागला आणि मुदतीची अटही गेली. पुढे २०१९ च्या दुरुस्तीने सहा महिन्यांची मुदत परत आणली, ती १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली. तिच्या वैधतेला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं, पण क्लेमचा वकील आव्हानाच्या भरवशावर तारीख सोडत नाही.

दाव्याची किंमत कशी ठरते, ते सर्वोच्च न्यायालयाच्या सरला वर्मा (२००९) आणि प्रणय सेठी (२०१७) या दोन निकालांत आहे. चौतिसाव्या वर्षी रिक्षाचालक गेला, महिना १८,००० मिळवत होता, मागे बायको, दोन मुलं आणि आई आहेत, असं समजू. स्वतःचा धंदा आणि वय चाळिसाच्या आत म्हणून भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के धरून २५,२००. अवलंबून चौघं, म्हणून स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा जाऊन १८,९००. वर्षाचे २,२६,८००. वय ३१ ते ३५ असल्याने गुणक, म्हणजे वर्षाच्या रकमेला ज्याने गुणायचं तो आकडा, १६. झाले ३६,२८,८०० रुपये. सहवास गमावणं, अंत्यविधी वगैरेंच्या ठरावीक रकमा वेगळ्या. आता उत्पन्नाचा पुरावाच नाही म्हणून न्यायालयाने महिना १०,००० धरले, तर हाच आकडा २०,१६,००० वर येतो. सोळा लाखांचा फरक एका बँक पासबुकावर किंवा परमिटच्या कागदावर अवलंबून असतो. प्राप्तिकराचं विवरणपत्र मृत्यूनंतर भरलेलं असलं, तर विमा कंपनीचा वकील तारखेवर बोट ठेवतो आणि ते बहुधा बाजूला पडतं. पगाराच्या दाखल्यावर सही करणाऱ्या मालकाला साक्षीला आणलं नाही, तर त्या दाखल्याची गतही तीच.

जखमीचा दावा मृत्यूच्या दाव्यापेक्षा अवघड असतो, हे नव्या वकिलाला उशिरा कळतं. राजकुमार विरुद्ध अजयकुमार (२०१०) या निकालाने शरीराचं अपंगत्व आणि कमाईची हानी वेगळी केली. डावा हात गेला तर अपंगत्व ६० टक्क्यांच्या आसपास, पण सुताराची कमाई जवळजवळ पूर्ण बुडते आणि सरकारी कारकुनाची नोकरी टिकू शकते. म्हणून प्रमाणपत्रातली टक्केवारी एका अवयवाची आहे की पूर्ण शरीराची, हे आधी पाहायचं. नुसतं प्रमाणपत्र दाखल करून भागत नाही. डॉक्टरला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात आणावं लागतं, आणि ‘मी पेशंट रविवारीही तपासतो’ म्हणणाऱ्या सर्जनला मंगळवारी सकाळी अकराला कोर्टात बसवणं हे या कामातलं सगळ्यात कंटाळवाणं काम आहे.

पात्रता इतर वकिलांसारखीच : तीन किंवा पाच वर्षांचा कायद्याचा अभ्यासक्रम, बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाकडे नोंदणी, मग अखिल भारतीय बार परीक्षा. खरं शिक्षण मात्र फिर्याद, घटनास्थळाचा पंचनामा, दोषारोपपत्र, वाहनाची पॉलिसी आणि चालकाचा परवाना एकमेकांशी ताडून पाहण्यात होतं. फिर्यादीत गाडीचा नंबर महिनाभराने आला असेल, तर ‘गाडी नंतर लावली’, म्हणजे अपघाताशी संबंध नसलेली गाडी मागाहून गोवली, हा कंपनीचा बचाव ठरलेला. परवाना चुकीच्या वर्गाचा असेल, तर बऱ्याचदा कंपनीने आधी पैसे द्यावेत आणि मालकाकडून वसूल करावेत, असा आदेश होतो. दावेदाराचं नुकसान होत नाही, मालकाचं होतं.

फीची बाजू मात्र कायम नाजूक राहिली. १९५४ मध्ये वसुलीच्या निम्म्या रकमेचा करार करणाऱ्या मुंबईच्या एका वरिष्ठ वकिलाला सर्वोच्च न्यायालयाने निलंबित केलं. बार कौन्सिलच्या नियमांतही निकालावर अवलंबून फी ठरवायला मनाई आहे. तरी २०१७ मध्ये तेलंगणातलं प्रकरण त्याच न्यायालयात गेलं : अपघात-भरपाई मिळालेल्या महिलेने वकिलाला फी म्हणून १० लाख दिले होते, आणखी ३ लाखांचा चेक वकिलाने वटवायला टाकला. टक्केवारीची फी बेकायदा ठरली. हिशेब उघड ठेवावा, म्हणजे पुढचे वाद टळतात. पण रुग्णालयाच्या दारातून दावे गोळा करणाऱ्या दलालांना हिशेब नकोच असतो.

रक्कम जमा झाली तरी फाइल बंद होत नाही. अशिक्षित दावेदार आणि अज्ञान (अठरा वर्षांखालच्या) मुलांचा हिस्सा बँकेत मुदत ठेवीत ठेवावा, असं सर्वोच्च न्यायालयाने सुसम्मा थॉमस प्रकरणात सांगितलं. मुलगा अठराचा होईपर्यंत पैसे अडकतात. मग मध्येच आईची शस्त्रक्रिया निघते, आणि ठेव मोडायच्या परवानगीचा अर्ज लिहायला ती बाई आठ वर्षांनी वकिलाच्या त्याच टेबलापाशी येते.