सॅटेलाइटमधलं सबस्क्रिप्शन: कुलूप आणि मोजदाद यांची पार्श्वभूमी

रेड हॅट कंपनीच्या लिनक्स सर्व्हरवर सबस्क्रिप्शनची नोंद ठेवणारं साधन म्हणजे सबस्क्रिप्शन-मॅनेजर. टर्मिनलवर त्याचं स्टेटस विचारलं की गेल्या काही वर्षांत अनेक सर्व्हरवर एकच उत्तर येऊ लागलं: 'ओव्हरऑल स्टेटस: डिसेबल्ड'. नवा अ‍ॅडमिन ही ओळ वाचून दचकतो आणि तिकीट काढतो. तिच्या जवळच दुसरी ओळ असते. सबस्क्रिप्शनची स्थिती काहीही असली तरी या होस्टला (म्हणजे सर्व्हरला) सगळा कंटेंट, म्हणजे पॅकेजेस आणि अपडेट, मिळेल, असं ती सांगते. काहीच बिघडलेलं नसतं. बंद झालेली असते ती फक्त एक जुनी तपासणी. ती का आली होती आणि का गेली, हे कळल्याशिवाय आजच्या सॅटेलाइटमधले, म्हणजे रेड हॅटच्या अनेक सर्व्हरना एका जागेवरून सांभाळणाऱ्या साधनातले, निम्मे शब्द उलगडत नाहीत.

सुरुवातीचा काळ थोडक्यात आटोपतो. २००० साली रेड हॅट नेटवर्क आलं, अप-टू-डेट नावाच्या साधनानं पॅकेजेस ओढायची सोय झाली. २००२ मध्ये अ‍ॅडव्हान्स्ड सर्व्हर २.१ निघाला आणि मोठ्या संस्थांसाठीच्या एंटरप्राइझ लिनक्सची वेगळी वाट सुरू झाली. खोक्यात मिळणारं रेड हॅट लिनक्स ९ या आवृत्तीवर थांबलं, एप्रिल २००४ अखेर त्याचे अपडेटही बंद झाले. ज्यांचे सर्व्हर इंटरनेटला जोडलेले नव्हते त्यांच्यासाठी सॅटेलाइट होताच. आपल्याच आवारात बसवायचा, खाली ओरॅकलचा डेटाबेस, आणि कंपनीकडून आलेली एक सही केलेली सर्टिफिकेट फाइल. त्या फाइलमध्ये आकडे असत: मॅनेजमेंटचे इतके, प्रोव्हिजनिंगचे इतके, अमुक चॅनेलचे (पॅकेजेसच्या संचाचे) इतके. होस्ट रजिस्टर झाला की त्यातून एक वजा. आकडा संपला की पुढचा होस्ट दारातच अडायचा. म्हणजे कुलूप तेव्हाही होतं, पण ते सॅटेलाइटच्या दाराला होतं. २००८ मध्ये याच सॅटेलाइटचा कोड स्पेसवॉक या नावानं खुला झाला.

पुढची गोष्ट सांगण्याआधी तीन शब्द नीट लावून घ्यायला हवेत, कारण या विषयातला बहुतेक गोंधळ तिथूनच येतो. लायसन्स, सबस्क्रिप्शन आणि एन्टायटलमेंट.

लायसन्स म्हणजे परवाना. लिनक्सच्या कर्नलचा परवाना जीपीएल या खुल्या परवान्याची दुसरी आवृत्ती. तो किती सर्व्हर, किती सॉकेट (प्रोसेसर बसवायच्या जागा), किती वर्षं असं काही विचारत नाही. कोड हातात आला की चालवा, बदला, पुढे द्या, अट एवढीच की पुढच्यालाही तेच हक्क मिळाले पाहिजेत. त्यामुळे 'लिनक्सचं लायसन्स एक्स्पायर झालं' हे वाक्य मुळातच चुकीचं आहे. मुदत संपली म्हणून सर्व्हर बंद पडत नाही, डेटाबेस थांबत नाही. थांबतात ते अपडेट आणि सपोर्ट.

सबस्क्रिप्शन म्हणजे वर्गणी. आपल्याला हा शब्द वाचनालयामुळे नेमका कळतो. वर्गणी थकली तर नवं पुस्तक मिळत नाही, पण वाचून झालेलं कोणी काढून घेत नाही. पैसे दिले जातात ते वर्षभराच्या सेवेचे: सुरक्षेचे अपडेट, अडचणीला फोन उचलणारा माणूस, हार्डवेअर आणि मोठ्या सॉफ्टवेअरवर तपासून दिलेली खात्री. मात्र खरेदी विभागाच्या पर्चेस ऑर्डरवर 'लिनक्स लायसन्स, २०० नग' असंच छापलेलं असतं. हिशोबाच्या खात्याला तसाच रकाना सोयीचा पडतो. ऑडिटवाला तो कागद घेऊन येतो आणि नग मोजायला लागतो.

तिसरा शब्द एन्टायटलमेंट. भाषांतर करायचं तर 'हक्क' किंवा 'हक्कदारी'. (सबस्क्रिप्शन-मॅनेजरच्या सोर्समध्ये भाषांतराच्या फायलींत मराठीचीही फाइल आहे. हे शब्द एकमेकांत न मिसळता मराठीत आणणं किती अवघड आहे, हे त्या स्क्रीन भाषांतरित करायला बसल्याशिवाय कळत नाही.) सबस्क्रिप्शन विकत घेते ती संस्था. त्यातला एक वाटा एका विशिष्ट यंत्राच्या नावे काढला की ते एन्टायटलमेंट. वर्गणी आणि यंत्र यांच्यामधला हा दुवा. वाद पेटला तो याच दुव्यावर.

२०११ मध्ये एंटरप्राइझ लिनक्स ५.७ आणि ६.१ सोबत सबस्क्रिप्शन-मॅनेजर आलं आणि कुलूप दारावरून काढून प्रत्येक यंत्राला लावलं गेलं. यंत्रावर आता तीन तऱ्हेची एक्स-५०९ नमुन्याची डिजिटल सर्टिफिकेटं बसू लागली. एक यंत्राची ओळख सांगणारं, दुसरं बसवलेलं प्रॉडक्ट सांगणारं, तिसरं एन्टायटलमेंटचं. या तिसऱ्यात कोणत्या रेपॉझिटरी (पॅकेजेसची कोठारं) उघडतील आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे लिहिलेलं. तारीख उलटली की पॅकेज बसवणाऱ्या 'यम' या साधनाला सर्व्हरकडून ४०३, म्हणजे 'परवानगी नाही', मिळणार. हिशोब करणारं आणि दार उघडणारं असं दोन्ही काम एकाच कागदाकडे दिलं गेलं. माझ्या मते चूक इथे झाली.

निर्णयामागचं कारण मात्र समजण्यासारखं होतं. जुन्या पद्धतीत यंत्र कोणत्या चॅनेलला जोडलंय एवढंच दिसे. त्यावर खरोखर काय बसवलंय, सॉकेट किती, यंत्र खरं की व्हर्च्युअल, हे हिशोबात नीट धरता येत नसे. करार तर यंत्रं आणि सॉकेट मोजणारा. ग्राहकालाही आपण कराराच्या आत आहोत की बाहेर हे एका नजरेत कळावं, असा हेतू होता.

सप्टेंबर २०१४ मध्ये सॅटेलाइट ६ आला. स्पेसवॉकची जुनी वीण सोडून फोरमन, कटेलो, पल्प, कँडलपिन असे वेगवेगळे प्रकल्प एकत्र बांधलेले. सबस्क्रिप्शनचा सगळा हिशोब कँडलपिनकडे. कस्टमर पोर्टलवर जाऊन या सॅटेलाइटसाठी किती सबस्क्रिप्शन बाजूला काढायची ते ठरवायचं, मॅनिफेस्ट नावाची झिप फाइल उतरवायची, सॅटेलाइटमध्ये चढवायची. मग होस्टला पूल, म्हणजे सबस्क्रिप्शनचा साठा, जोडायचा. पूल आयडी म्हणजे ३२ अक्षरांचा हेक्स. तो फोनवर कोणाला वाचून दाखवायची वेळ आली की दोघांचीही परीक्षा. एका सबस्क्रिप्शनमध्ये दोन सॉकेट किंवा दोन व्हर्च्युअल यंत्रं, त्यामुळे चार सॉकेटच्या सर्व्हरला दोन लावायची. सुरुवातीच्या सर्टिफिकेटमध्ये १८५ पेक्षा जास्त कंटेंट सेट मावत नसत. मोठ्या सबस्क्रिप्शनला ही मर्यादा अडायला लागली, तेव्हा सर्टिफिकेटची रचनाच बदलावी लागली.

खरा त्रास रिन्युअलला व्हायचा. पैसे वेळेवर भरलेले असोत, नव्या कराराबरोबर पूल नवे येणार. जुना पूल तारखेला मरणार. होस्ट नव्या पुलाला जोडायचे, अ‍ॅक्टिव्हेशन की (होस्ट रजिस्टर करताना वापरायच्या तयार किल्ल्या) नव्यानं बांधायच्या, मॅनिफेस्ट रिफ्रेश करायचा. काही अडलं की हात मॅनिफेस्ट डिलीट करण्याकडे वळायचा, आणि डिलीट केलं की त्यातून होस्टना मिळालेली सगळी सबस्क्रिप्शन एका फटक्यात निघून जायची. कागदपत्रांत याचा ठळक इशारा होता. तो वाचला जायचा तो बहुधा नंतर.

त्याहून अवघड होतं व्हर्च्युअल यंत्रांचं. डेटा सेंटरसाठीचं सबस्क्रिप्शन हायपरव्हायझरच्या (व्हर्च्युअल यंत्रं चालवणाऱ्या खऱ्या सर्व्हरच्या) सॉकेटवर घ्यायचं, त्यावरचे गेस्ट, म्हणजे व्हर्च्युअल यंत्रं, कितीही. पण कोणता गेस्ट कोणत्या हायपरव्हायझरवर आहे हे गेस्टला स्वतःला माहीत नसतं. म्हणून विर्ट-हू नावाचा छोटा प्रोग्राम. तो व्हीसेंटरला (हायपरव्हायझर सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरला) ठराविक वेळानं विचारतो आणि यादी सॅटेलाइटला कळवतो. यादी येईपर्यंत नव्या गेस्टला तात्पुरतं सबस्क्रिप्शन, आधी २४ तासांचं, पुढे ७ दिवसांचं. गेस्ट क्लस्टरमध्ये एका होस्टवरून दुसऱ्यावर गेला की जुना हक्क रद्द होऊन नवा मिळायला हवा. यंत्रावरचा डीमन (मागे सतत चालणारा प्रोग्राम) मुळात दर ४ तासांनी सर्टिफिकेट तपासायचा आणि २४ तासांनी स्वतःहून नवं जोडायचा प्रयत्न करायचा. या दोन वेळांच्या मधल्या फटीत पॅचिंग आलं तर आलं.

महापेतल्या एका डेटा सेंटरमध्ये शनिवारच्या पॅच विंडोत (अपडेट बसवायच्या ठरलेल्या वेळेत) हे मी समोर पाहिलंय. रात्री अकरा ते तीन अशी वेळ मिळालेली, यादीत चाळीसेक व्हीएम (व्हर्च्युअल यंत्रं). पहिल्या पंचवीसेक सुरळीत झाल्या आणि मग ओळीनं ४०३ यायला लागले. अकरा यंत्रं. सगळी आदल्याच आठवड्यात बांधलेली. विर्ट-हू ज्या खात्यानं व्हीसेंटरमध्ये शिरायचा त्या खात्याचा पासवर्ड नव्वद दिवसांच्या धोरणानुसार संपला होता. विर्ट-हू लॉगमध्ये दर तासाला निमूटपणे 'ऑथेंटिकेशन फेल्ड' लिहीत बसला होता आणि ७ दिवस उलटले होते. पैसे भरलेले, सबस्क्रिप्शन पुरून उरेल एवढी, हायपरव्हायझर सगळे हिशोबातले. तरीही बँकेच्या कामाच्या अकरा यंत्रांना त्या रात्री सुरक्षेचे अपडेट मिळाले नाहीत. व्हीसेंटरचा अ‍ॅडमिन उठून फोन घेईपर्यंत अडीच वाजले होते.

अशा रात्री ठिकठिकाणी घडल्या. त्यातून अ‍ॅडमिनच्या कामाचा एक मोठा तुकडा निव्वळ हक्क जुळवण्यात जायला लागला. लिनक्स सांभाळायला घेतलेला माणूस सर्टिफिकेटच्या तारखा सांभाळत बसला.

दुसरी वाट असू शकते हे शेजारीच दिसत होतं. स्पेसवॉकवरूनच २०११ मध्ये सुसे या दुसऱ्या लिनक्स कंपनीचा सुसे मॅनेजर उभा राहिला होता. २०१६ च्या तिसऱ्या आवृत्तीत त्यानं सबस्क्रिप्शन जुळवणारा भाग आणला. सगळी यंत्रं, सगळी सबस्क्रिप्शन समोर ठेवून तो उत्तम जुळणी काढतो, कमी-जास्त किती ते सांगतो, हवं तर अमुक सबस्क्रिप्शन अमुक यंत्राला 'पिन' करू देतो. पण तो अहवाल आहे. त्याच्यामुळे कोणाचा झिपर (सुसेचं पॅकेज बसवणारं साधन) अडत नाही. मोजदाद करायला कुलूप लागत नाही, हे त्यातून स्वच्छ दिसतं.

सॅटेलाइटच्या जगात त्या दिशेनं पाऊल पडलं ते सिंपल कंटेंट अ‍ॅक्सेसच्या रूपानं. संस्थेकडे सबस्क्रिप्शन आहे ना, मग रजिस्टर झालेल्या प्रत्येक यंत्राला तिचा कंटेंट मिळेल. अटॅच करणं नाही, ऑटो-अटॅच नाही, पूल नाही. आधी ते ऐच्छिक होतं. १५ जुलै २०२२ पासून नव्या खात्यांना तेच मिळू लागलं. सॅटेलाइट ६.१६ मध्ये जुनी पद्धत काढून टाकली गेली. ते 'डिसेबल्ड' तिथलंच: एन्टायटलमेंटची तपासणी बंद आहे, एवढाच त्याचा अर्थ. शब्द मात्र फार वाईट निवडला.

हा बदल बरोबरच होता, फक्त बऱ्याच उशिरा झाला. पण त्यानं मोजणी संपली असं समजणाऱ्यांची पंचाईत होते. करार अजूनही सॉकेट आणि यंत्रंच मोजतो. पूर्वी सबस्क्रिप्शन संपली की रजिस्ट्रेशन अडायचं आणि वेळीच जाग यायची. आता कोणीही टेम्प्लेटवरून दहा यंत्रं उठवतो, ती बिनबोभाट अपडेट होतात, आणि फरक दिसतो तो रिन्युअलच्या बैठकीत. म्हणून कंपनीच्या कन्सोलवर सबस्क्रिप्शन वापराचा वेगळा अहवाल आहे. म्हणूनच यंत्राची भूमिका, वापर आणि सपोर्टचा स्तर लिहायची सिस्टिम पर्पज नावाची सोय आहे, जी एंटरप्राइझ लिनक्सच्या आवृत्ती ८ सोबत २०१९ मध्ये आली. ते रकाने बहुतेकांकडे रिकामे असतात. ते भरून घ्या, असं मी कळकळीनं सांगेन, कारण यंत्र प्रॉडक्शनचं होतं की टेस्टचं हे वर्षानंतर कोणालाच आठवत नाही. विर्ट-हूही पुरता निवृत्त झालेला नाही. कुलूप उघडायला त्याची गरज उरली नाही, हायपरव्हायझरचा हिशोब अचूक यायला मात्र तो लागतोच.

याच वर्षांत बाहेरही बरंच हललं. ८ डिसेंबर २०२० ला, एंटरप्राइझ लिनक्सची फुकट प्रत असलेल्या सेंटओएस लिनक्स ८ ची मुदत २०२९ ऐवजी २०२१ अखेर संपणार असं जाहीर झालं. तोवर अनेक ठिकाणी पद्धत ठरलेली होती: प्रॉडक्शनला सबस्क्रिप्शन, बाकी सगळीकडे सेंटओएस. ती मोडली. जानेवारी २०२१ मध्ये व्यक्तिगत डेव्हलपर सबस्क्रिप्शनवर १६ यंत्रं फुकट चालवायची मुभा मिळाली. त्याच वर्षी सेंटओएसची जागा घेणारी अल्मा आणि रॉकी आली. जून २०२३ मध्ये सार्वजनिक सोर्स फक्त सेंटओएस स्ट्रीममधून (एंटरप्राइझ लिनक्सची पुढची आवृत्ती जिथे घडते तिथून) मिळेल असं ठरलं. ग्राहकाला सोर्स मिळतो, पण सबस्क्रिप्शनमधून मिळालेला सोर्स त्यानं पुढे वाटला तर कंपनी सबस्क्रिप्शनच बंद करू शकते. परवाना तर वाटायला मोकळीक देतो. टीकाकारांचं म्हणणं, ही जीपीएलला मनाई असलेली वाढीव अट आहे. कंपनीची बाजू अशी की हातात आलेल्या कोडवरचे हक्क कोणी काढून घेत नाही, पुढच्या आवृत्त्या देत राहण्याचं बंधन मात्र परवान्यात नाही. वाचनालयाची वर्गणी आणि पुस्तक यांच्यातला फरक इथे वकिलांपर्यंत गेला.

एप्रिल २०२४ पासून क्लाउडवरच्या भागीदारांसाठी दर व्हीसीपीयूच्या (व्हर्च्युअल प्रोसेसरच्या) संख्येनुसार चढते झाले. म्हणजे तिकडे मोजायचं एककच बदललं. एकाच संस्थेचे काही सर्व्हर आता सॉकेटवर, काही व्हीसीपीयूवर.

जुन्या पद्धतीच्या खुणा सगळ्यात जास्त उरल्यात त्या आपल्याच स्क्रिप्टमध्ये. किकस्टार्टच्या (आपोआप इन्स्टॉल करणाऱ्या फाइलच्या) शेवटी ऑटो-अटॅचची ओळ, अ‍ॅन्सिबल या स्वयंचलनाच्या साधनाच्या प्लेबुकमध्ये कोणीतरी २०१६ साली चिकटवलेला पूल आयडी, मॉनिटरिंगमध्ये 'करंट' हा शब्द शोधणारी तपासणी. आवृत्ती ८ आणि ९ वर त्यातल्या अटॅचच्या ओळी न अडता निघून जायच्या, काही न करता. २०२५ मध्ये आलेल्या आवृत्ती १० मधून अटॅच ही उपआज्ञाच काढून टाकली आहे. नवं यंत्र उठवताना प्लेबुक तिथे अडलं, तर सॅटेलाइटवर काही शोधत बसू नका. ती ओळ काढा, संस्थेचा आयडी आणि अ‍ॅक्टिव्हेशन की तेवढी ठेवा.