नऊ विजय कमी पडले तेव्हा

10 सप्टेंबर 2022च्या रात्री अमेरिकेतल्या लिंकन शहरात नेब्रास्का विद्यापीठाचा फुटबॉल संघ जॉर्जिया सदर्न विद्यापीठाकडून 45-42 असा हरला. पाहुण्यांनी 642 यार्डांची मजल मारली होती. घरच्या मैदानावर 35 किंवा अधिक गुण केल्यावर नेब्रास्का त्याआधीच्या 214 सामन्यांत एकदाही हरला नव्हता. स्टेडियम रिकामं होण्याआधीच चाहत्यांमध्ये वाद पेटला होता. मुख्य प्रशिक्षक स्कॉट फ्रॉस्ट यांना काढायचं, याबद्दल फारसं दुमत उरलं नव्हतं. वाद होता तो आज काढायचं की 1 ऑक्टोबरला. करार मुदतीआधी मोडला तर फ्रॉस्टना जवळपास दीड कोटी डॉलर भरपाई द्यावी लागणार होती आणि 1 ऑक्टोबरला ती निम्म्यावर, 75 लाखांवर येणार होती. विद्यापीठ तीन आठवडे थांबलं नाही. दुसऱ्याच दिवशी फ्रॉस्ट गेले.

हे फुटबॉल म्हणजे लांबट चेंडू हातात घेऊन खेळायचा अमेरिकन खेळ. तिथल्या व्यावसायिक लीगचा एकही संघ नेब्रास्कात नाही. सुमारे वीस लाख वस्तीच्या, मक्याच्या शेतांच्या या राज्याने आपला सगळा जीव एका विद्यापीठाच्या संघात गुंतवला आहे. सामन्याच्या शनिवारी मेमोरियल स्टेडियममध्ये पंच्याऐंशी हजारांच्या आसपास माणसं लाल कपड्यांत बसतात आणि त्या दिवसापुरतं ते स्टेडियम राज्यातलं तिसरं मोठं शहर होतं. नोव्हेंबर 1962पासून तिथला प्रत्येक सामना ‘हाउसफुल्ल’ आहे. प्रशिक्षक राहावा की जावा हा प्रश्न तिथे घराघरांत किती पोटतिडकीने चर्चिला जातो, हे कळायला एवढं पुरे.

1962 हेच साल का? त्या वर्षी वायोमिंगहून बॉब डेव्हनी प्रशिक्षक म्हणून आले. त्याआधीची सलग सात वर्षं संघाचा एकही हंगाम हरण्यापेक्षा जास्त जिंकण्याचा नव्हता. डेव्हनींनी पहिल्याच वर्षी 9 सामने जिंकले आणि लोक स्टेडियमकडे वळले ते कायमचे. मात्र 1967 आणि 1968 ही दोन वर्षं 6-4 अशी, म्हणजे सहा विजय आणि चार पराभव अशी गेली, तेव्हा याच लोकांचा सूर बिघडला होता. डेव्हनी टिकले. त्यांनी टॉम ऑस्बर्न या तरुण सहायकावर आक्रमणाची नवी मांडणी सोपवली आणि 1970 व 1971 अशी लागोपाठ दोन राष्ट्रीय विजेतेपदं आली. कुरकुरीच्या त्या दोन वर्षांत त्यांना घालवलं असतं, तर पुढचं काहीच घडलं नसतं, असं मी खात्रीने म्हणेन.

1973मध्ये संघ ऑस्बर्न यांच्या हाती आला. आज त्यांचं नाव राज्यात देवासारखं घेतलं जातं, पण पहिली पाच वर्षं ते कट्टर प्रतिस्पर्धी ओक्लाहोमाकडून सलग हरत होते. मोठा सामना यांना जिंकता येत नाही, ही तक्रार त्यांनी वर्षानुवर्षं ऐकली. 1978च्या हंगामानंतर ते कोलोरॅडोला जायच्या बेतात होते. 1984च्या ऑरेंज बाउल या हंगामअखेरच्या मानाच्या सामन्यात मायामीविरुद्ध अखेरच्या मिनिटाला बरोबरीचा सोपा एक गुण घेण्याऐवजी त्यांनी विजयासाठी दोन गुणांचा डाव खेळला. तो फसला आणि 31-30 अशा हारीबरोबर विजेतेपदही गेलं. पहिलं विजेतेपद मिळालं ते 1994मध्ये, म्हणजे बाविसाव्या हंगामात. मग 1995 आणि 1997. पंचवीस वर्षांत 255 विजय, 49 पराभव, 3 बरोबरी. आणि एकाही वर्षी नऊपेक्षा कमी विजय नाहीत.

या नवाच्या आकड्यापाशी थांबायला हवं, कारण पुढचे सगळे वाद तिथून निघतात. ऑस्बर्न यांच्या काळात नऊ विजय ही जमीन होती, तिच्याखाली संघ कधी गेलाच नाही. लोकांना वाटू लागलं की ही जमीन नेब्रास्काची आहे. खरं तर ती एका माणसाच्या चिकाटीने आणि विशिष्ट परिस्थितीने घडवली होती. वजनं उचलून खेळाडूंचं शरीर कमावण्याची शिस्त इथे 1969पासूनच होती, इतर विद्यापीठांत ती नंतर आली. शिष्यवृत्तीशिवाय, स्वखर्चाने येणारी गावोगावची पोरं संघाचा कणा होती. क्वार्टरबॅकने, म्हणजे आक्रमणाच्या सूत्रधार खेळाडूनेच, चेंडू घेऊन धावायचं की बाजूच्याला द्यायचा हे ऐनवेळी ठरवण्याचा ‘ऑप्शन’चा खेळ तिथे घोटून पक्का झाला होता. दरम्यान, 1984मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने टीव्ही हक्कांवरचं एनसीएए या मध्यवर्ती संघटनेचं नियंत्रण मोडून काढलं. मग दूरदूरची विद्यापीठंही घरोघरी दिसू लागली, आणि लिंकनला जाऊनच नाव होईल असं टेक्सास-कॅलिफोर्नियाच्या पोरांना वाटेनासं झालं.

ऑस्बर्ननंतर फ्रँक सॉलिच आले. ते डेव्हनींच्या संघात खेळलेले आणि ऑस्बर्न यांचे एकोणीस वर्षांचे सहायक. 1999मध्ये 12-1. 2001मध्ये तर संघ राष्ट्रीय अंतिम सामन्यात पोचला, पण त्याआधी कोलोरॅडोने 62-36 असा धुव्वा उडवला होता आणि अंतिम सामन्यात मायामीने 37-14 असं हरवलं. 2002 साल 7-7 असं गेलं. सॉलिच यांनी सहायक बदलले आणि 2003मध्ये 9-3 अशी सावरासावर केली. शेवटचा सामना त्यांनी कोलोरॅडोविरुद्ध जिंकला आणि लगेच क्रीडासंचालक स्टीव्ह पीडरसन यांनी त्यांना काढून टाकलं. संघ सामान्यपणाकडे घसरू द्यायचा नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

चाहते तिथे दुभंगले ते आजवर पूर्ण सांधले नाहीत. नऊ विजय म्हणजे अधोगती, असं एक बाजू मानत होती. आपला माणूस आपण असा कसा हाकलला, असं दुसरी विचारत होती. मी दुसऱ्या बाजूचा आहे. नवा प्रशिक्षक मिळायला चाळीस दिवस लागले, यावरून हाताशी दुसरा कोणी नसताना हा निर्णय झाल्याचं उघड दिसतं. आले ते व्यावसायिक फुटबॉलमधले बिल कॅलहन. त्यांनी ऑप्शन मोडीत काढून पासिंगचा खेळ आणला. पहिल्याच वर्षी टेक्सास टेककडून 70-10 असा पराभव, 1961नंतरचा पहिला तोट्याचा हंगाम, आणि सलग 35 वर्षं हंगामअखेरचा बाउल सामना खेळण्याची परंपरा खंडित. 2007मध्ये कॅन्ससने 76 गुण केले. पीडरसन ऑक्टोबरमध्ये गेले, कॅलहन नोव्हेंबरमध्ये, आणि घर सावरायला सत्तरीतल्या ऑस्बर्नना क्रीडासंचालक म्हणून परत यावं लागलं.

त्यांनी निवडलेल्या बो पेलिनींची कहाणी मला सगळ्यात जास्त चटका लावते. सात वर्षं, दर वर्षी नऊ किंवा दहा विजय. 2009मध्ये परिषदेच्या, म्हणजे विद्यापीठांच्या गटाच्या, अंतिम सामन्यात टेक्सासविरुद्ध वेळ संपली असं वाटत असताना घड्याळावर एक सेकंद परत टाकला गेला आणि त्या सेकंदात टेक्सासने गोल मारून 13-12 असं जिंकलं. पण 2012मध्ये विस्कॉन्सिनने 70-31 असं लोळवलं तेव्हा सेकंदाचं कारण नव्हतं. पेलिनींचा तापट स्वभावही त्यांच्याविरुद्ध गेला. 2014मध्ये पुन्हा 9-3, आणि पुन्हा हकालपट्टी. नवाचा आकडा दुसऱ्यांदा कमी पडला. त्यांच्या जागी आलेल्या माइक रायली यांनी तीन वर्षांत 19 जिंकले, 19 हरले.

मग आशेचं सगळं ओझं फ्रॉस्ट यांच्या खांद्यावर आलं. ते नेब्रास्कातल्याच वुड रिव्हरचे, 1997च्या विजेत्या संघाचे क्वार्टरबॅक, आणि प्रशिक्षक म्हणून सेंट्रल फ्लोरिडा विद्यापीठाला एकही सामना न हरता हंगाम पार करून देणारे. सात वर्षांचा साडेतीन कोटी डॉलरचा करार झाला. अशा करारांची मुदत सतत वाढवत राहावी लागते, कारण शाळेतून येणारा खेळाडू पहिला प्रश्न विचारतो की हा प्रशिक्षक चार वर्षं राहणार का. फ्रॉस्ट यांचा करारही 2019मध्ये वाढवला, आणि संघ हरत गेला तशी ती मुदत विद्यापीठाच्या गळ्याशी आली. 2021मध्ये नऊ पराभव झाले, सगळे एक आकडी फरकाने. त्यानंतर पगार कापून भरपाईची ती 1 ऑक्टोबरची अट घालण्यात आली. 2022च्या सुरुवातीला डब्लिनमध्ये नॉर्थवेस्टर्नविरुद्ध 28-17 अशी आघाडी असताना त्यांनी अचानक आखूड किक मारून चेंडू स्वतःकडेच राखण्याचा जुगार खेळला. तो फसला, सामना 31-28 असा गेला. दोन आठवड्यांनी जॉर्जिया सदर्न. एकूण हिशेब 16 विजय, 31 पराभव.

तेव्हा मात्र काढण्याला पर्याय नव्हता, हे मलाही मान्य आहे. पण 2003 आणि 2014ला ज्या नऊ विजयांवर नाक मुरडलं गेलं, ते 2016नंतर पुढची आठ वर्षं एकदाही दिसले नाहीत. 2024मध्ये फ्रॉस्टनंतरचे प्रशिक्षक मॅट रूल यांच्या संघाने सात सामने जिंकून छोटासा पिनस्ट्राइप बाउल घेतला, तेव्हा लिंकनमध्ये खरोखरीचा आनंद झाला.

सॉलिच पुढे ओहायो विद्यापीठात गेले. तिथे सोळा हंगाम राहिले, 115 सामने जिंकले आणि 2021मध्ये निवृत्त झाले. एप्रिल 2023मध्ये रूल यांच्या निमंत्रणावरून ते वसंतातल्या सराव सामन्यासाठी मेमोरियल स्टेडियममध्ये परतले. मधे एकोणीस वर्षं गेली होती.