शुगर आणि डोळे: आजचा रिपोर्ट वेगळा, पुढचा धोका वेगळा

आमचे मामा सातपूरला कंपनीत होते. तिथल्या कॅम्पमध्ये डोळ्याच्या पडद्याचा फोटो काढला, मशीनने लगेच चिठ्ठी दिली की सध्या रेफर करायची गरज नाही, मामांनी ती फाइलला लावली आणि पुढची तीन वर्षं कोणी डोळ्यांचा विषय काढला की "आपलं क्लिअर आहे रे" म्हणून मोकळे. शुगर पंधरा वर्षांची, एचबीएवनसी (म्हणजे दोन-तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा आकडा) कायम नऊच्या वर, बीपीची गोळी आठवली तर आठवली. चौथ्या वर्षी लेझर करावं लागलं. मशीन चुकलं होतं का? मला तरी नाही वाटत. त्याला विचारलंच नव्हतं अशा प्रश्नाचं उत्तर मामांनी त्या चिठ्ठीत वाचलं.

प्रश्न दोन आहेत: आज पडद्यावर काय दिसतंय, आणि वर्ष-दोन वर्षांत ते किती बिघडू शकतं. आपल्या नाशकात हे पावसाळ्यात सगळ्यांनाच कळतं. पाणी गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठवर आलंय, गुडघ्याला की छातीला, ते झालं आत्ताचं पाणी. पण रामकुंडाजवळचा दुकानदार तेवढ्यावर बसून राहत नाही, तो गंगापूर धरणातून किती क्युसेक सोडलंय ते विचारतो. पाणी गुडघ्यालाच असलं तरी विसर्ग वाढवला म्हटल्यावर तो सामान उचलायला लागतो.

मशीनची चिठ्ठी म्हणजे मारुतीवरचं पाणी. २०१८ मध्ये औषधं-उपकरणांना मंजुरी देणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएने आयडीएक्स-डीआर नावाच्या सिस्टिमला परवानगी दिली, डॉक्टरने फोटो न बघताच निकाल देणारी, पण तीही एवढंच सांगते की आज रेटिनोपॅथी, म्हणजे शुगरमुळे पडद्याचं होणारं नुकसान, माइल्डच्या पुढे गेलीय की नाही. उद्याबद्दल ती काही बोलत नाही.

धोक्याचा हिशोब करायला फोटोच्या बाहेरचं बरंच लागतं. शुगर किती वर्षांची, एचबीएवनसी किती, बीपी किती, किडनीचं काय, बाई गरोदर आहे का. आणि हो, आजची स्टेजसुद्धा त्याच हिशोबात येते, म्हणून तर दोन्हींची गल्लत होते. माइल्ड असेल तर वर्षभरात पडद्यावर नव्या नाजूक रक्तवाहिन्या उगवण्याच्या स्टेजला जाणारे शंभरात साधारण पाच, सिव्हिअर असेल तर जवळपास निम्मे. म्हणजे स्टेजवरून बरंच कळतं, पण हे आकडे घोळक्याचे झाले. शेजारी-शेजारी बसलेले दोन माइल्डवाले, एकाची शुगर-बीपी ताब्यात आणि दुसरा आमच्या मामांसारखा, दोघांचा कागद सारखाच आणि धोका मात्र अजिबात सारखा नाही.

हे उगाच नाही म्हणत. १९९३ मध्ये डीसीसीटी नावाच्या मोठ्या अभ्यासाचे निकाल आले, टाइप वनच्या लोकांचे, शुगर कडक सांभाळली तर आधीच असलेली रेटिनोपॅथी पुढे सरकण्याचं प्रमाण ५४ टक्क्यांनी कमी झालं. १९९८ च्या यूकेपीडीएसमध्ये टाइप टूवाल्यांचं बीपी नीट ठेवल्यावरही पडद्याचं बिघडणं साधारण एक तृतीयांशाने घटलं. बीपीचा डोळ्याशी काय संबंध असं मामाही विचारायचे.

यात एक विचित्र गोष्ट आहे जी लोकांना पटतच नाही: वर्षानुवर्षं वाढलेली शुगर एकदम झपाट्याने खाली आणली तर सुरुवातीचे काही महिने पडदा उलट जरा बिघडू शकतो. म्हणून औषध सोडायचं नसतं हां, पुढे जाऊन फायदाच होतो, फक्त इन्सुलिन वगैरे जोरात सुरू करायच्या आधी डोळे बघून घेतलेले बरे.

आइसलँडमधल्या लोकांनी असाच एक धोक्याचा हिशोब बसवला, २०११ ला छापून आला, त्यात शुगर किती वर्षांची, एचबीएवनसी, बीपी, आजची स्टेज ही माहिती टाकली की पुढची तपासणी कधी ते माणसागणिक निघतं. २०२४ मध्ये चीनच्या टीमने डीपडीआर प्लस दाखवलं, ते तर फोटोवरूनच पुढच्या पाच वर्षांचा अंदाज देतं. हे मात्र भाकीत आहे, विसर्गाच्या आकड्यासारखं. कॅम्पमधल्या मशीनला पण एआय म्हणतात आणि याला पण एआयच, मग होतो घोळ.

पडद्याच्या मधोमध येणारी सूज हा अजून तिसराच प्रकार, ती माइल्ड स्टेजलाही येऊ शकते, तिच्यासाठी ओसीटी नावाचा पडद्याचा स्कॅन करतात.

डॉक्टरकडे जाताना एचबीएवनसी, बीपी, किडनीचे रिपोर्ट आणि जुने फोटो सोबत न्या, आणि "काय निघालं?" विचारून झालं की "माझ्या नंबरांवरून पुढची तपासणी कधी?" हेही विचारा. टाइप टू असेल तर पहिली तपासणी शुगर निघाल्याबरोबर, दिसायला त्रास व्हायची वाट बघत बसू नका, कारण बराच काळ काहीच जाणवत नाही. आणि तपासणीसाठी बाहुली मोठी करायचे थेंब टाकल्यावर काही तास धूसर दिसतं, तेव्हा गाडी चालवायला कोणालातरी सोबत न्या. मामा मागच्या वेळी तसेच ॲक्टिव्हावर निघाले होते, मामींनी पार्किंगमध्येच चावी काढून घेतली.