तवांगच्या वाटेवरचं दीडशे वर्षांचं फाटक

तवांगचा बेत ठरला, गुवाहाटीची तिकिटं झाली, की पुढचा विषय निघतो तो इनर लाइन परमिटचा. आपण भारताचे नागरिक, भारतातच फिरायला निघालोय, मग परवानगी कसली, हा वैताग प्रत्येक गटात एक जण तरी बोलून दाखवतोच. चीनची हद्द जवळ आहे म्हणून लष्कराने घातलेली ही अट असणार, असं बहुतेकांना वाटतं. पण अरुणाचलमध्ये शिरताना जे परमिट लागतं त्याचा कायदा १८७३ चा आहे. तेव्हा या डोंगरांपलीकडे चिनी सैन्य नव्हतं, तिबेट होता. आणि कलकत्त्याच्या सरकारला काळजी होती ती चहाची.

'बेंगॉल ईस्टर्न फ्रंटियर रेग्युलेशन' हे त्या कायद्याचं नाव. बाहेरच्या माणसाने पासाशिवाय ओलांडायची नाही अशी रेषा त्याखाली ठरली, तीच 'इनर लाइन'. त्यातलं जप्तीचं कलम वाचण्यासारखं आहे. पासाशिवाय रेषा ओलांडल्याबद्दल दोषी ठरलेल्या माणसाकडे रबर, मेण, हस्तिदंत किंवा जंगलातला इतर माल सापडला तर तो सरकारजमा करता येईल, असं त्यात म्हटलंय. पुढे याच कलमात पुस्तकं, रोजनिश्या, नकाशे, छायाचित्रं, फिल्म आणि धार्मिक वा शास्त्रीय महत्त्वाच्या वस्तूंची भर पडली. आधी भीती व्यापाऱ्याची होती, मग हेराची आणि हौशी संग्राहकाचीही वाटू लागली, हे त्या एका वाक्यातच दिसतं.

ब्रह्मदेशाशी झालेल्या १८२६ च्या यांदाबूच्या तहानंतर आसाम ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती आला. १८३९ मध्ये आसाम कंपनी स्थापन झाली आणि पुढच्या तीस-पस्तीस वर्षांत चहाचे मळे सपाटीवरून सरकत डोंगरांच्या पायथ्याशी जाऊन भिडले. मळेवाल्यांच्या कागदांवर जी जमीन पडीक होती ती डोंगरातल्या लोकांची शिकारीची रानं होती. रबराचे व्यापारी आणि हत्ती पकडणारे तर मळ्यांच्याही पुढे घुसत. भांडणं होत, मग टोळ्या खाली उतरून छापे घालत, मग सरकार फौज पाठवी. जानेवारी १८७१ मध्ये काछारमधल्या अलेक्झांडरापूर मळ्यावर लुशाईंनी, म्हणजे आजच्या मिझोरामच्या डोंगरांतल्या लोकांनी, हल्ला केला, विंचेस्टर नावाच्या मळेवाल्याला मारलं आणि त्याच्या लहानग्या मुलीला, मेरीला, पळवून नेलं. तिला सोडवायला १८७१-७२ ची लुशाई मोहीम निघाली. मुलगी परत मिळाली, पण असा खर्च दर वेळी कोण करणार? वाद उकरणाऱ्या आपल्याच माणसांना अडवणं त्याहून स्वस्त पडत होतं.

या सगळ्याच्या मुळाशी असलेली 'पोसा' ही पद्धत प्रवासवर्णनांत क्वचितच येते. आसामच्या आहोम राजांच्या काळापासून न्यिशी, आदी, आका अशा डोंगरी समाजांना पायथ्याच्या ठरावीक घरांकडून कापड, मीठ अशा वस्तू घ्यायचा अधिकार होता. ते वर्षातून एकदा खाली येत, आपला वाटा घेत आणि परत जात. इंग्रजांना हा प्रकार खंडणीसारखा वाटला. त्यांनी पोसा बंद केला नाही, मात्र हळूहळू तो रोख रकमेत बदलला आणि सरकारी कचेरीतून द्यायला सुरुवात केली, म्हणजे डोंगरातल्या माणसाला गावात शिरायचं कारणच उरू नये. माझ्या मते खरी रेषा इथेच पडली. ज्या दोन समाजांचा वर्षाचा हिशोब एकमेकांशी थेट होता, त्यांच्या मधे एक कारकून येऊन बसला. १८७३ च्या कायद्याने या अंतराला नकाशावर जागा दिली एवढंच.

इनर लाइन म्हणजे राज्याची शेवटची हद्द नव्हे. तिच्या पलीकडच्या मुलखावरचा हक्क सरकारने सोडला नव्हता. तिथला कारभार, न्यायनिवाडा आणि बंदोबस्त अंगावर घ्यायचा नव्हता. बंधन होतं ते बाहेरच्या माणसावर: पासाशिवाय पलीकडे जायचं नाही आणि तिथे जमीन घ्यायची नाही. आदिवासींचं संरक्षण हा हेतू आज या कायद्याला सहज चिकटवला जातो, पण त्या वेळच्या हिशोबात तो फार वर नव्हता.

सरकारची माणसंही ही बंधनं नेहमी पाळत असं नाही. सदियाचा साहाय्यक पोलिटिकल ऑफिसर नोएल विल्यमसन १९११ च्या मार्चमध्ये परवानगीशिवाय सियांगच्या खोऱ्यात फार आत गेला. कोमसिंग गावात आदींनी त्याला मारलं. त्याच्याबरोबरचा डॉक्टर ग्रेगरसन पांगीजवळ मारला गेला. पुन्हा फौज, पुन्हा जाळपोळ. त्यानंतर इंग्रजांनी या डोंगरांची वेगळी प्रशासकीय मांडणी केली. १९१४ मध्ये सिमल्यात तिबेटलगतची हद्द ठरवणारी मॅकमहॉन रेषा आखली गेली, आणि १९३५ च्या कायद्याने हा मुलूख प्रांतिक विधिमंडळांच्या कक्षेबाहेर ठेवला.

स्वातंत्र्यानंतर ही रेषा पुसली जाईल, असं वाटणं स्वाभाविक होतं. पण ती टिकली, आणि तिचं कारण बदललं. फेब्रुवारी १९५१ मध्ये मेजर बॉब खातिंग आसाम रायफल्सची तुकडी घेऊन तवांगला पोहोचले आणि तिथे भारताचा प्रत्यक्ष कारभार सुरू झाला. १९५४ मध्ये या प्रदेशाला, म्हणजे आजच्या अरुणाचलला, नेफा (नॉर्थ ईस्ट फ्रंटियर एजन्सी) हे नाव मिळालं. त्याचा कारभार परराष्ट्र मंत्रालयाकडे होता, ही गोष्ट आज चमत्कारिक वाटते. आदिवासी प्रश्नांवरचे सल्लागार म्हणून व्हेरिअर एल्विन यांची नेमणूक झाली. हे गृहस्थ १९२७ मध्ये पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघात धर्मकार्यासाठी आले होते. पुढे त्यांनी चर्चशी फारकत घेतली आणि मराठी सहकारी शामराव हिवाळे यांच्यासोबत मध्य प्रांतात गोंडांमध्ये वर्षानुवर्षं काम केलं. बाहेरचा सावकार, ठेकेदार आणि दारूवाला आला की आदिवासींची जमीन कशी जाते, हे त्यांनी तिथे डोळ्यांनी पाहिलं होतं. नेफात तसं होऊ द्यायचं नाही, हा त्यांचा आग्रह. जमीन-जंगलावरचे आदिवासींचे हक्क राखावेत आणि बाहेरची माणसं फार पाठवू नयेत, हे नेहरूंचंही म्हणणं होतं. मळेवाल्यांच्या भांडणातून निघालेला कायदा आता या धोरणासाठी वापरात आला.

हे सगळ्यांना पटलं नाही. आदिवासींना संग्रहालयात ठेवताय का, असा सवाल विचारला जाई. राममनोहर लोहियांनी १९५८ आणि १९५९ मध्ये मुद्दाम परवान्याशिवाय नेफात शिरण्याचा प्रयत्न केला आणि दोन्ही वेळा अटक करून घेतली. भारताच्या नागरिकाला भारताचा एक भाग बंद का, हा त्यांचा प्रश्न. आजचा प्रवासी वैतागून विचारतो तोच. १९६२ च्या पराभवानंतर या प्रश्नाला धार आली, कारण हा भाग देशापासून दूर ठेवल्यामुळेच तो असुरक्षित राहिला, असं म्हणणारे वाढले. १९६५ मध्ये कारभार गृह मंत्रालयाकडे गेला. रेषा मात्र जागेवर राहिली.

१९७२ मध्ये अरुणाचल केंद्रशासित प्रदेश झाला, २० फेब्रुवारी १९८७ रोजी राज्य झालं, आणि परमिट देणं-नाकारणं निवडून आलेल्या राज्य सरकारच्या हाती आलं. मला यातला सर्वांत महत्त्वाचा बदल हाच वाटतो. आज इनर लाइन काढून टाका अशी मागणी इटानगरमधून येत नाही. उलट तपासणी ढिली पडली की तिथल्या विद्यार्थी संघटना रस्त्यावर उतरतात. लहान लहान संख्येच्या जमाती आणि पायथ्याशी आसामची दाट वस्ती, हे पाहिलं की त्यामागची भीती समजते. राज्यघटनेच्या १९(५) कलमात अनुसूचित जमातींच्या हितासाठी संचारावर वाजवी निर्बंध घालायला वाव आहेच. डिसेंबर २०१९ मध्ये नागरिकत्व दुरुस्ती कायद्यातून इनर लाइनचे प्रदेश वगळले गेले आणि त्याच आठवड्यात मणिपूरलाही ही पद्धत लागू झाली. तिथे पूर्वीची परवाना पद्धत १९५० मध्ये रद्द झाली होती. ती परत आणा म्हणून मणिपूरच्या लोकांनी मोठी आंदोलनं केली. नागालँड आणि मिझोराम धरून आज अशी चार राज्यं आहेत.

आपल्याकडे गोंधळ होतो तो लडाखमुळे. नुब्रा, पँगाँगला पूर्वी लागणाऱ्या परमिटलाही इनर लाइनच म्हणत, पण ते खरोखर सीमेच्या सुरक्षेसाठी होतं. ऑगस्ट २०२१ मध्ये तिथल्या प्रशासनाने भारतीयांसाठी ते बंद केलं. लडाखचं गेलं म्हणजे अरुणाचलचंही आज ना उद्या जाईल, असा अंदाज बांधणाऱ्यांनी हा फरक पाहावा.

मराठी माणसाचा या फाटकाशी संबंध केवळ पर्यटनाचा नाही. अमरावती जिल्ह्यात जन्मलेल्या एकनाथ रानडे यांच्या विवेकानंद केंद्राने १९७७ पासून अरुणाचलात शाळा सुरू केल्या, आणि महाराष्ट्रातून तिथे शिकवायला गेलेल्यांच्या आठवणी अनेक घरांत ऐकायला मिळतात. कामासाठी राहणाऱ्याचं परमिट वेगळं, पर्यटकाचं तात्पुरतं परमिट वेगळं.

पर्यटकाचं काम आता ऑनलाइन होतं, आणि भालुकपाँग, बांदरदेवा किंवा रुक्सिनच्या चेकगेटवर ते ओळखपत्रासोबत दाखवावं लागतं. नाहरलगूनपर्यंत रेल्वे गेली, २०२२ मध्ये होलोंगीचा डोनी पोलो विमानतळ सुरू झाला, तरी परमिट सुटलं नाही. ते आता फलाटावर आणि विमानतळावर तपासलं जातं एवढंच. मार्च २०२४ मध्ये तवांगच्या रस्त्यावरचा सेला बोगदा खुला झाल्याने बर्फात अडकण्याची भीती कमी झाली आहे, पण पावसाळ्यात दरडी कोसळून रस्ते बंद पडतातच. त्यामुळे परमिटवर परतीच्या तारखेपुढे दोन-तीन दिवस धरावेत. तवांगहून चीनच्या हद्दीवरच्या बुमला खिंडीकडे जायचं असेल तर त्याची परवानगी निराळी, आणि ती तवांगलाच काढावी लागते. सीमा आणि लष्कर यांचा मामला खरा तिथे सुरू होतो.

अमेरिकेहून सुट्टीला आलेल्या भावाला-बहिणीला बरोबर न्यायचं असेल तर आणखी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. परदेशी पासपोर्टवाल्यांना इनर लाइन परमिट चालत नाही. त्यांच्यासाठी प्रोटेक्टेड एरिया परमिट लागतं, आणि भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरी त्यातून सूट नाही. नाव देशपांडे असो की स्मिथ, अर्ज तोच. तिकिटं काढण्याआधी घरातल्या कुणाकडे कोणता पासपोर्ट आहे ते बघावं, आणि अशा पाहुण्याला बुमलाची आशा लावू नये, कारण परदेशी नागरिकांना तिथे जाऊ देत नाहीत.